भुतांची खानेसुमारी

कोकणातल्या भुताला आधी जात विचारावी, मग लग्न झालं होतं का ते, आणि शेवटी मरण कसं आलं ते. एवढं कळलं की नाव सांगावं लागत नाही. मुंज झाली, पण सोडमुंजीआधीच गेलेला ब्राह्मणाचा पोर म्हणजे मुंजा. त्याचा मुक्काम पिंपळावर. पैशाअडक्यात जीव गुंतवून निपुत्रिक गेलेला ब्राह्मण समंध होतो. मुसलमानाचा खवीस. खारवी-कोळ्यांचं झोटिंग. बुडून मेलेला गिऱ्हा होऊन पाण्यापाशी वाट बघत बसतो. बाळंतपणानंतर दहा दिवसांच्या आत गेलेली बाई हडळ, आणि विधवा गेली की लावसट.

ही यादी फक्त आजीच्या तोंडी राहिली नाही, ती सरकारी शिस्तीत छापली गेली. आर्थर जॅक्सन या आयसीएस अधिकाऱ्याने गुजरात आणि कोकणातली लोकश्रद्धांची माहिती शाळामास्तरांकडून प्रश्नावलीवर लिहून मागवली होती. दिवसा मुलांना पाढे शिकवणाऱ्या मास्तरांनी संध्याकाळी दिव्याखाली बसून गावच्या भुतांचा तपशील साहेबाला कळवावा, ही कल्पनाच मजेशीर आहे.

पुस्तक मात्र जॅक्सनला बघायला मिळालं नाही. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे या तरुणाने गोळ्या झाडल्या. कान्हेरेही जन्माने कोकणातलाच, रत्नागिरी जिल्ह्यात खेड तालुक्यातल्या आयनीचा. जॅक्सनच्या कागदांवरून आर. ई. एन्थोवेन यांनी ‘फोकलोअर नोट्स’चे दोन भाग सिद्ध केले, त्यातला कोकणचा भाग १९१५ मध्ये निघाला. त्याच एन्थोवेन यांचा ‘द फोकलोअर ऑफ बॉम्बे’ हा ग्रंथ १९२४ चा.

त्या रात्रीचं नाटकही या विषयापासून फार लांबचं नव्हतं. नाटककार देवलांची शारदा म्हणजे पैशासाठी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधली जाणारी कोवळी मुलगी. अशा मुलींच्या वाट्याला लवकरच वैधव्य येई, आणि मेल्यावर लावसट हे नाव तयारच असे. विधुराच्या भुताला असं खास नाव सहसा ऐकू येत नाही. हडळीचंही तसंच. बाळंतज्वराने बाई जायची आणि दोष तिच्याच माथी यायचा. जिवंतपणी सोसलं ते पुरेसं नव्हतं बहुतेक. जपानची उबुमे आणि मलायची पोंतियानाक याच हडळीच्या बहिणी. जिथे सुईणीच्या हातात जीव होता तिथे अनेक ठिकाणी ही बाई भूत होऊन उभी राहिली.

चकव्याचं प्रकरण निराळं. तो जात विचारत नाही. रत्नागिरीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या कातळपठारावर, अमावास्येच्या रात्री माणूस चालत सुटतो आणि दोन तासांनी पुन्हा त्याच आंब्याखाली येतो. ‘चकवा लागला’ म्हणायचं आणि उजाडेपर्यंत बसून राहायचं. जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या संशोधकांनी २००९ च्या एका अभ्यासात माणसांना जंगलात आणि सहारा वाळवंटात चालवून पाहिलं. सूर्य किंवा चंद्र दिसत असेपर्यंत ती सरळ चालली. ढग आले, चंद्र मावळला की नकळत गोल फिरू लागली. बसून राहण्याचा जुना सल्ला म्हणजे काही अडाणीपणा नव्हता.

आणि या सगळ्या भुतांचा राजा वेताळ तर चक्क देव झाला. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीत तो वेतोबा. उंचापुरी उभी मूर्ती, हातात तलवार. रात्री तो गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्याच्या वहाणा झिजतात अशी समजूत. त्यामुळे नवस फेडायला माणसं केळ्यांचे घड आणतात आणि कातडी वहाणा आणतात. त्या वहाणा आपल्यातुपल्या पायाच्या मापाच्या नसतात, चांगल्या दांडग्या असतात. कोकणात राखणदाराशी माणसाचं नातं हे असं उघड देण्याघेण्याचं आहे: तुझी राखण, म्हणजे वर्षाचं देणं, आम्ही देतो, आमची राखण तू कर. वर्षाचा नारळ किंवा कोंबडा चुकला तर दोष देवाचा नाही, आपला. याच धाकाने देवरायांतल्या झाडांना कुऱ्हाड लावायला लोक कचरले, आणि त्यामुळे कितीतरी जुनी झाडं वाचली.

मुंजाचं नशीब मात्र अलीकडे पालटलं. जून २०२४ मध्ये आदित्य सरपोतदार यांचा ‘मुंज्या’ हा हिंदी चित्रपट आला आणि पिंपळावरचा हा कोकणी पोर संगणकाने रंगवलेला खोडकर राक्षस होऊन देशभरच्या पडद्यांवर नाचला. लग्नाआधीच गेल्यामुळे धरलेला लग्नाचा हट्ट तेवढा त्याने सोडला नाही.