पातमुखाचा परवाना

मुंबईच्या पाण्याचा इतिहास एका नाकारलेल्या मंजुरीपासून सांगण्याची रीत आहे. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधून समुद्र आत शिरत असे. ते खिंडार बुजवण्यासाठी गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याने लंडनला कंपनीच्या संचालकांकडे मंजुरी मागितली. नकाराचे पत्र येईपर्यंत बांध जवळजवळ उभा राहिला होता आणि साहेबाने ते पत्र दाबून ठेवले, अशी आख्यायिका आहे. दुसरी आख्यायिका आपल्या मुलखातली. बांध पुन्हापुन्हा ढासळू लागला तेव्हा रामजी शिवजी प्रभू यांना दृष्टांत झाला, समुद्रातून देवीच्या मूर्ती वर आल्या, आणि मगच बांध टिकला. दोन्हींत तथ्य किती, हा वाद इतिहासकारांवर सोपवू. एका कथेत परवानगी लंडनची लागते, दुसरीत समुद्राची. आणि शहराच्या पर्जन्यजलवाहिन्यांचा पुढचा दोनशे वर्षांचा कारभार पहिल्या कथेच्या वळणाने गेला. पैसा कोण देणार आणि सही कोणाची, एवढेच विचारले गेले. समुद्राला विचारण्याचे कायदेशीर बंधन आले ते थेट १९९१ साली. आज कोणताही नाला तुंबला की त्या बंधनाकडे बोट दाखवले जाते. हे बोट चुकीच्या दिशेला आहे, असे या इतिहासातून दिसते.

हॉर्नबीचा बांध १७८४ च्या सुमारास पुरा झाला आणि भरतीचे पाणी अडले. पण बांधामागची सखल जमीन भरतीच्या पातळीखालीच राहिली. पावसाचे पाणी आता आत कोंडू लागले आणि ते वरळीच्या झडपांमधून ओहोटीच्या वेळीच बाहेर जाऊ शके. हा पेच पुढे कधीच सुटला नाही, तो फक्त बुजवला गेला. शहरभरचा केरकचरा आणि भराव टाकून खाजणे वर आणली गेली आणि त्यांवर वस्ती चढली. अभियंता हेन्री कॉनिबेअरने १८५२ साली मुंबईच्या आरोग्यस्थितीवर अहवाल लिहिला. विहार तलावही त्याच्याच आराखड्यातून झाला. १८६० मध्ये तलावाचे पाणी शहरात आले, पण आलेले पाणी बाहेर नेणारी धड व्यवस्था अजून व्हायची होती. १८८८ च्या महापालिका कायद्याने सार्वजनिक गटारे आणि नाले पालिकेच्या मालकीचे झाले. त्या काळच्या वाहिन्यांची क्षमता धरली गेली ती तासाला २५ मिलिमीटर पावसाची. त्यातला निम्मा पाऊस जमिनीत मुरेल आणि समुद्राला ओहोटी असेल, हेही हिशेबात गृहीत होते. मोकळी जमीन विपुल होती, तेव्हा हा हिशेब अगदीच गैर नव्हता. आज शहराची १८६ पातमुखे, म्हणजे नाले समुद्रात वा खाडीत उघडतात त्या जागा, मोजली जातात. त्यांतली ४५ सरासरी समुद्रसपाटीच्याही खाली आहेत, १३५ भरतीच्या पातळीखाली आहेत, आणि भरतीतही उघडी राहतात ती फक्त सहा. भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की पाणी बाहेर जायचे थांबते. म्हणून तर साडेचार मीटरहून मोठ्या भरतीचे दिवस पालिका दर पावसाळ्यापूर्वी जाहीर करते.

कायदा आला तो वेगळ्याच काळजीपोटी. नोव्हेंबर १९८१ मध्ये इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरचा पट्टा मोकळा ठेवायला सांगितले. पत्राने फारसे काही हलले नाही. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९ फेब्रुवारी १९९१ रोजी सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची, अधिसूचना निघाली, तेव्हा त्या पट्ट्याला कायद्याचे बळ आले. तिचा मजकूर वाचल्याखेरीज तिला शिव्या घालणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: समुद्राच्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवण्यास ज्या कलमाने बंदी घातली, त्याच कलमात पर्जन्यजलवाहिन्या आणि भरती-नियंत्रक झडपा अपवाद म्हणून नोंदवलेल्या होत्या. २०११ च्या अधिसूचनेनेही हा अपवाद कायम ठेवला. म्हणजे नाल्याला मनाई पहिल्यापासून नव्हती. अट होती ती दाखवण्याची: भरतीरेषा अधिकृत संस्थेकडून आखून घ्या, १:४००० प्रमाणाच्या नकाशावर काम मांडा, पाण्यातल्या आणि जमिनीवरच्या परिणामांचा अहवाल जोडा. अर्ज पूर्ण असेल तर राज्याच्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाने ६० दिवसांत त्यावर शिफारस करायची. खाडीच्या काठचा पट्टा किती रुंद, यावर मात्र रस्सीखेच चालूच राहिली. मुळातले १०० मीटर १९९४ मध्ये ५० वर आणले गेले, १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली, आणि २०१९ च्या अधिसूचनेत ५० मीटर पुन्हा आले.

परवानग्यांनी शहर बुडवले, हा पहिला आक्षेप. तारखा जुळवून पाहिल्या तर तो टिकत नाही. १९८५ च्या पुरानंतर पालिकेने वॉटसन हॉक्सली या सल्लागार कंपनीकडून अभ्यास करवून घेतला. ‘ब्रिमस्टोवॅड’ नावाने ओळखला जाणारा हा अहवाल १९९३ मध्ये आला. तासाला ५० मिलिमीटर पाऊस वाहून नेणाऱ्या वाहिन्या आणि उदंचन केंद्रे त्यात सुचवली होती, खर्चाचा अंदाज सुमारे ६१६ कोटी रुपयांचा होता. पैशांअभावी अहवाल बारा वर्षे कपाटात राहिला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, दुपारी भरती होती, आणि कपाट उघडले गेले. केंद्राने सुमारे १,२०० कोटी मंजूर केले तोवर २००७ उजाडले होते. त्यानंतरही आठ उदंचन केंद्रांपैकी सर्वाधिक रखडली ती माहुल आणि मोगरा: माहुलची जागा केंद्राच्या मीठ आयुक्तांच्या ताब्यातली, मोगऱ्याच्या जागेवर मालकीचा वाद. दोन्हीकडे अडले ते जमिनीवरून. परवानग्यांत वेळ गेलाच नाही, असे म्हणणे मात्र खोटे ठरेल. मुखाशी कांदळवन असले की प्राधिकरण, वनखाते आणि उच्च न्यायालय असे तीन उंबरठे झिजवावे लागतात. सप्टेंबर २०१८ च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने सार्वजनिक हिताच्या कामाखेरीज कांदळवन तोडण्यास मनाई केली, तेव्हापासून प्रत्येक कामाची गरज न्यायालयात सिद्ध करावी लागते. महिने जातात, हे मान्य. पण बारा वर्षे गेली ती तिजोरीपाशी.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नाला शंभर वर्षांपासून तिथेच आहे, फक्त जुना काढून नवा घालायचा, मग नव्याने परीक्षण कशाला? उत्तर आकड्यांतच आहे. जुना हिशेब तासाला २५ मिलिमीटरचा आणि त्यातला निम्माच पाऊस वाहणार असा. नवा हिशेब ५० मिलिमीटरचा आणि सगळाच वाहणार असा, कारण मुरायला जमीन उरली नाही. तेवढ्याच क्षेत्रातून मुखाशी येणारे पाणी त्यामुळे चौपट होते. चौपट पाण्याला रुंद मुख लागते, झडपा लागतात, पंप लागतात, आणि ते बसवायला किनाऱ्यावर जागा लागते. शिवाय पर्जन्यजलवाहिनीतून फक्त पाऊस वाहतो, हे कागदावरच खरे आहे. गटारजोडणी नसलेल्या वस्त्यांचे सांडपाणी बारा महिने याच नाल्यांतून जुहू आणि दादरच्या वाळूवर येते. मुखाचा आकार आणि जागा बदलली की हे पाणी कुठे साचेल, तिवरांच्या मुळांशी की कोळ्यांच्या जाळ्यांशी, हे आधी पाहिले नाही तर नंतर पाहण्याला अर्थ उरत नाही. न पाहता केलेल्या कामाचा नमुना हवा असेल तर मिठी नदी आहे. खाजणावर भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले, विमानतळाच्या धावपट्टीसाठी नदीला वळण दिले गेले. ही कामे सुरू झाली तेव्हा सीआरझेड नव्हते. २००५ च्या पुराने सर्वाधिक झोडपलेल्या भागांत याच मिठीचे काठ होते.

म्हणून आजचे परीक्षण उत्तम आहे, असेही नाही. त्याचे दुखणे विलंबापेक्षा वेगळे आहे. ते प्रत्येक मुख सुटे पाहते. या केंद्राची एक फाइल, त्या नाल्याची दुसरी. शेजारच्या दोन नाल्यांचे पाणी एकाच खाडीत, एकाच भरतीला येणार असले तरी त्यांचा एकत्रित विचार करणे कोणत्याही फाइलचे काम नसते. नकाशा आजच्या भरतीरेषेचा असतो, बांधकाम मात्र पन्नास वर्षांसाठी. तिवरे किती तुटतील याची मोजणी होते, पण पाणी मुखापर्यंत येऊच नये यासाठी आत काय करता येईल, असा प्रश्न क्वचितच पडतो. तो प्रश्न पडला तर उत्तर मिळते, हे मध्य मुंबईतल्या हिंदमाता भागाने दाखवले. तिथल्या खोलगट जागेत साचणारे पाणी वर्षानुवर्षे समुद्राकडे ढकलून पाहिले, शेवटी जवळच्या मैदानांखाली टाक्या बांधून ओहोटी होईपर्यंत ते साठवण्याची सोय केली. किनाऱ्यावरचे मुख रुंद करण्याआधी आत साठवण्याचा पर्याय तपासला का, हे विचारायला कोणत्याही परीक्षकाला नवा कायदा लागत नाही. पर्यायांचा विचार हा परिणाम-अहवालाचा भागच आहे. पण तिथे बहुतेकदा दोन-चार परिच्छेदांत काम उरकले जाते, कारण निर्णय आधीच झालेला असतो.

परवानगीच काढून टाका, ही मागणी दर जुलैत होते आणि ऑगस्टच्या उघडिपीत विसरली जाते. ती मान्य झाली तर पालिका पुन्हा १८८८ च्या स्थितीत जाईल: नाला तिचा, निर्णय तिचा, आणि चूक झाली तर तपासणारी बाहेरची नजर नाही. ज्या काळात ती नजर नव्हती त्याच काळातून आपल्याला भरतीखालची पातमुखे मिळाली आहेत. उलट पालिकेने एकेका मुखाचे अर्ज करणे थांबवावे. सर्व १८६ पातमुखांचा, पुढच्या अर्धशतकातली समुद्राची वाढती पातळी धरून, पाणलोटनिहाय एकच अभ्यास करावा, आणि किनारा प्राधिकरणाने त्याखेरीज नव्या मुखाचा अर्ज दाखलच करून घेऊ नये.