जे. जे. मधील ग्लिसरीन, १९८६ : मूत्रपिंडांनी दिलेली साक्ष

१९८६ च्या जानेवारीत मुंबईतील सर जे. जे. रुग्णालयात काही रुग्ण अनपेक्षितपणे दगावू लागले. कोणी मेंदूच्या विकारासाठी दाखल झालेला होता, कोणी डोळ्यांच्या. मूळ आजार निरनिराळे असले तरी शेवट एकसारखाच होता : मूत्रपिंडे निकामी होऊन मृत्यू. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत असे १४ जण गेले. भायखळ्याचे हे रुग्णालय १८४५ पासून चालत आलेले, राज्यातील सर्वांत नामांकित सरकारी रुग्णालयांपैकी एक. रुग्ण तेथे बरे होण्याच्या आशेने आले होते, आणि त्यांना मारणारी वस्तू औषध म्हणूनच त्यांच्या हाती देण्यात आली.

ती वस्तू म्हणजे ग्लिसरीन. मेंदूला सूज आली, किंवा डोळ्याच्या आत दाब वाढला, की ग्लिसरीन तोंडाने पाजण्याची पद्धत त्या काळी रूढ होती. ते रक्तात उतरले की परासरणाच्या नियमाने सुजलेल्या ऊतींतील पाणी रक्ताकडे ओढले जाते आणि दाब उतरतो. उपचारात चूक नव्हती. डॉक्टरांनी लिहून दिलेले औषधही बरोबर होते. बाटलीत मात्र निव्वळ ग्लिसरीन नव्हते. तपासणीत त्यात १८.५ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल आढळले.

डायइथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक द्रावक आहे. गाड्यांच्या ब्रेक ऑइलमध्ये, गोठणरोधक द्रवांत त्याचा उपयोग होतो. दिसायला ते ग्लिसरीनसारखेच : पारदर्शक, दाट, चवीला गोडसर. आणि स्वस्त. डोळ्यांनी, जिभेने किंवा बोटांनी या दोन द्रवांतील फरक कळत नाही. तो कळतो प्रयोगशाळेत, अन्यथा मूत्रपिंडात.

या विषाने मूत्रपिंडच का गाठावे, हे समजण्यासाठी त्या अवयवाची रचना पाहावी लागते. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस, मुठीएवढी ही दोन मूत्रपिंडे असतात. प्रत्येकात सुमारे दहा लाख नेफ्रॉन असतात. नेफ्रॉनच्या आरंभी सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ असतो, त्यातून रक्तातील पाणी, क्षार, साखर, युरिया असे सारे गाळले जाते. दिवसाकाठी हा गाळ भरतो सुमारे १८० लिटर. लघवी मात्र दीड-दोन लिटरच होते. उरलेले सगळे गुच्छापुढच्या नागमोडी नलिका परत शोषून घेतात. मूत्रपिंडाला ‘शरीराची गाळणी’ म्हणण्याची आपल्याकडे सवय आहे. ती उपमा अर्धवट आहे. गाळणे हे त्यातले सोपे काम. काय ठेवायचे आणि काय टाकायचे याचा क्षणोक्षणीचा निवाडा नलिकांच्या पेशी करतात, आणि त्यासाठी त्यांना अखंड ऊर्जा लागते.

त्या निवाड्याचा एक भाग म्हणजे आम्ल-आम्लारी संतुलन. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ एवढ्या अरुंद पट्ट्यात राहावा लागतो. अन्नातील प्रथिने जळताना शरीरात रोज आम्ले तयार होतात. कार्बन डायऑक्साइडच्या रूपातील आम्लता फुप्फुसे श्वासावाटे बाहेर टाकतात, पण सल्फ्युरिक किंवा फॉस्फरिक आम्लासारखे जे उडून जाऊ शकत नाही त्याचे ओझे मूत्रपिंडांवरच पडते. नलिकांचा पहिला भाग गाळलेल्या बायकार्बोनेटपैकी बहुतांश परत मिळवतो, कारण बायकार्बोनेट हेच रक्तातील आम्ल शमवणारे मुख्य द्रव्य. पुढे नलिका हायड्रोजन आयन लघवीत सोडतात, अमोनिया तयार करून त्याला बांधतात आणि नवे बायकार्बोनेट रक्तात भरतात. हे काम थांबले की रक्त आम्लाकडे झुकते. ते सावरण्यासाठी फुप्फुसे आटापिटा करतात. रुग्णाचा श्वास खोल आणि जलद होतो. मूत्रपिंडांची उणीव फुप्फुसे काही काळ झाकतात. कायमची नाही.

डायइथिलीन ग्लायकॉल या व्यवस्थेवर दोन बाजूंनी आघात करते. यकृतात त्याचे विघटन होऊन आम्ले तयार होतात. त्यांतील एक रक्तात साठते आणि सामू खाली खेचते. दुसरे, डायग्लायकॉलिक आम्ल, नलिकांच्या पहिल्या भागातील पेशींत शिरून त्यांचे ऊर्जाकेंद्रच बंद पाडते. म्हणजे आम्लाचा भार वाढतो त्याच वेळी तो बाहेर काढणारी यंत्रणा मरत असते. लघवी घटते, मग थांबते. डायलिसिसने रक्तातील विष आणि आम्ल काही प्रमाणात काढता येते, परंतु मेलेल्या पेशींचे काम डायलिसिस करीत नाही. डायग्लायकॉलिक आम्लाची ही भूमिका अलीकडच्या दीड-दोन दशकांतील संशोधनातून उलगडली. १९८६ च्या डॉक्टरांना परिणाम दिसत होता, त्यामागची साखळी पूर्ण ठाऊक नव्हती.

तरीही हे विष नवे नव्हते, आणि येथेच इतिहासाच्या अभ्यासकाने थांबावे. १९३७ साली अमेरिकेत एका कंपनीने सल्फानिलामाइड हे जंतुनाशक औषध द्रवरूपात विकायचे ठरवले आणि ते विरघळवण्यासाठी डायइथिलीन ग्लायकॉल वापरले. रासबेरीचा स्वाद घालून ‘एलिक्झिर’ म्हणून ते बाजारात आले. शंभराहून अधिक माणसे मेली, त्यांत अनेक लहान मुले होती. तत्कालीन कायद्यात औषधाची विषारकता विक्रीपूर्वी तपासण्याचे बंधनच नव्हते. त्यामुळे कंपनीवर ठेवता आलेला आरोप जवळजवळ हास्यास्पद होता : ‘एलिक्झिर’ म्हटले की त्यात मद्यार्क हवा, यात तो नाही, सबब नाव चुकीचे! ज्या रसायनशास्त्रज्ञाने ते मिश्रण तयार केले होते त्याने आत्महत्या केली. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, अमेरिकेने नवा औषध कायदा केला.

भारतात औषध कायदा आला १९४० साली. त्यामागे कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा १९३०-३१ मधील अहवाल होता, आणि त्या समितीची चिंता हीच होती : बाजारातील भेसळयुक्त, निकृष्ट औषधे. म्हणजे १९३७ च्या अमेरिकेत कायदा तोकडा होता. १९८६ च्या मुंबईत तो ४६ वर्षांचा झालेला होता. परवाने होते, निरीक्षक होते, सरकारी प्रयोगशाळा होत्या. जे. जे. मधील मृत्यूंना ‘दुर्घटना’ म्हणणे म्हणूनच फसवे आहे.

चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. एका रुग्णालयातील १४ मृत्यूंपासून सुरू झालेली ही चौकशी रुग्णालयाच्या खरेदीकडे, तेथून अन्न व औषध प्रशासनाकडे आणि तेथून मंत्रालयाकडे सरकत गेली. औद्योगिक प्रतीचा माल औषधी म्हणून भांडारात कसा शिरला, एवढाच प्रश्न उरला नाही. औषध कंपन्यांवरील कारवाया कोणाच्या सांगण्यावरून थांबत, हेही समोर आले. १९८७ च्या अहवालात अधिकाऱ्यांबरोबर मंत्र्यांवरही कठोर ताशेरे होते, आणि तो प्रसिद्ध झाल्यावर राज्याच्या आरोग्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. स्वतंत्र महाराष्ट्रात औषधांच्या राजकारणाचा इतका उघडा दस्तऐवज दुसरा सापडणे कठीण. आजच्या विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांनी त्याचे नाव ऐकलेले असते.

ही केवळ मुंबईची गोष्ट नव्हे. औंढा नागनाथ तालुक्यातील जवळा बाजारचेच उदाहरण घ्या. १९८६ साली हे गाव परभणी जिल्ह्यात होते. हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. जिल्हा बदलला, तरी तेथील मेडिकल दुकानातील बाटलीवर देखरेख ठेवण्याचे काम त्याच राज्यस्तरीय अन्न व औषध प्रशासनाचे आहे, ज्याच्या कारभाराची लेंटिन आयोगाने झाडाझडती घेतली. बाजाराच्या दिवशी पोराच्या खोकल्यासाठी औषध घेणाऱ्या बापाला बाटलीत कोणता द्रव आहे हे पाहण्याचे कोणतेही साधन नसते. तो विश्वास ठेवतो लेबलावर, लेबल विसंबते कारखान्यावर, आणि कारखान्याने द्रावकाचा प्रत्येक पिंप तपासला की नाही हे पाहणारा असतो एक निरीक्षक. जे. जे. मध्ये हीच साखळी तुटली. तेथे निदान मोठे रुग्णालय होते, कारणाचा माग काढणारे डॉक्टर होते. एखाद्या खेड्यात लघवी बंद होऊन दगावलेले मूल कोणत्या नोंदीत गेले असते?

पुढचा क्रम अस्वस्थ करणारा आहे. १९९८ मध्ये गुरुग्राममध्ये ३३ मुले गेली. २०१९-२० च्या हिवाळ्यात जम्मू विभागातील रामनगरमध्ये पुन्हा मुलेच. २०२२ मध्ये आफ्रिकेतील गांबियात किमान ६६ मुलांच्या मृत्यूंचा संबंध भारतात तयार झालेल्या सिरपांशी जोडला गेला. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके दगावली. त्यांपैकी अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणण्यात आले होते, म्हणजे जे. जे. नंतर चार दशकांनी तीच लक्षणे महाराष्ट्रातील डॉक्टरांसमोर पुन्हा उभी राहिली : साधा ताप-खोकला, मग लघवी बंद, मग मूत्रपिंडे निकामी.

औषधी द्रवांत डायइथिलीन ग्लायकॉलची आज मान्य असलेली कमाल मर्यादा ०.१ टक्का आहे. जे. जे. मधील ग्लिसरीनमध्ये ते त्याच्या १८५ पट होते. छिंदवाड्याच्या प्रकरणातील सिरपाचा नमुना तामिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेत तपासला गेला, तेव्हा आकडा निघाला ४८.६ टक्के.