चित्रात शिरणारा प्रेक्षक

प्रत्यक्ष जागा, प्रेक्षकाचे शरीर आणि संगणकाने घडविलेली प्रतिमा यांना एकाच अनुभवात गुंफणे, हा डिजिटल माध्यमकलेतील एक महत्त्वाचा प्रवाह होय. खरे आणि आभासी यांतील सीमारेषा येथे पुसट होते.

मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांची २००६-०७ मधील ‘शॅडो’ मालिका हे त्याचे ठळक उदाहरण. १९७६ साली जन्मलेल्या गुप्ता यांनी सर जे. जे. स्कूलमध्ये शिल्पकलेचे शिक्षण घेतले. या मालिकेत दालनात आलेल्या प्रेक्षकाची आकृती कॅमेरा टिपतो आणि संगणक तिची सावली भिंतीवर उमटवतो. २००७ मधील तिसऱ्या कलाकृतीत वरून निरनिराळ्या वस्तूंच्या सावल्या उतरतात आणि प्रेक्षकाच्या सावलीला चिकटतात. हात झटकले, बाजूला सरकले, तरी त्या सुटत नाहीत. वस्तू आभासी असतात. ओझे मात्र पाहणाऱ्याला स्वतःचे वाटते.

भिंतीवरील चित्र केवळ पाहण्यासाठी नसते, ही जाणीव महाराष्ट्राला नवी नाही. वाणगाव ज्या डहाणू तालुक्यात आहे, तेथील वारली समाजात विवाहप्रसंगी सुवासिनी घरातील भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक ‘लिहितात’. मधोमध पालघट देवी असते. ती चौकात प्रत्यक्ष येते, अशी श्रद्धा आहे. तिच्याविना विवाह पार पडत नाही. १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांमुळे ही कला कागदावर आली. त्याच तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगभर नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली; २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

एकीकडे तंत्र, दुसरीकडे श्रद्धा. त्यामुळे दोहोंची तुलना बेताने करावी लागते. जतनाचा प्रश्न मात्र दोन्हीकडे सारखाच आहे. कागदावरचे वारली चित्र संग्रहालयात राहते; विवाहाचा चौक त्या घरापुरता आणि त्या प्रसंगापुरता असतो. ‘शॅडो’चे छायाचित्र टिकते, पण कॅमेरा, प्रोजेक्टर आणि संगणकप्रणाली कालबाह्य झाली, तर सावली हलत नाही. म्हणून अशा कलांच्या बाबतीत वस्तूइतकीच कृतीही जपावी लागते. संग्रहालयांना जुनी प्रणाली नव्या यंत्रांवर उतरवून घ्यावी लागते. चौकासाठी तो लिहिणाऱ्या हातांकडून पुढच्या पिढीने शिकावे लागते.