७८ म्हणजे नक्की किती?

मागच्या भागात ग्रामोफोनच्या सुयांबद्दल बोललो होतो, आणि शेवटी म्हटलं होतं की पुढच्या वेळी वेगाबद्दल बोलू. बऱ्याच जणांचं म्हणणं पडलं, त्यात बोलण्यासारखं काय आहे? ७८ ची रेकॉर्ड मिनिटाला ७८ फेरे घेते, एलपी ३३⅓, छोटी रेकॉर्ड ४५. झालं की!

मलाही बरीच वर्षं असंच वाटत होतं. आणि त्या समजुतीपायी मी एक गाणं बिघडवून बसलोय, ते आता परत घेता येत नाही. ती गोष्ट आधी सांगतो.

आमच्याकडे आजीच्या ट्रंकेत नाट्यगीताची एक थाळी होती. लेबल निम्मं उडालेलं, गायकाचं नाव वाचता येत नाही, नुसता पुरुषाचा आवाज आणि साथीला पेटी-तबला. काही वर्षांपूर्वी मी यूएसबीवाला टर्नटेबल घेतला. त्यावर ७८ चा वेगच नव्हता, फक्त ३३ आणि ४५. मग सगळे करतात तेच केलं: ४५ वर वाजवून रेकॉर्डिंग घ्यायचं आणि कॉम्प्युटरवर ७८ भागिले ४५ या पटीत वेगवान करायचं. खरखर काढली, फाइल तयार झाली आणि उत्साहाच्या भरात सगळ्या नातेवाइकांना पाठवली. आतेबहीण गाण्याचा क्लास घेते, तिने ते गाणं लगेच मुलांना शिकवायलाही घेतलं.

आजी तेव्हा नव्वदीत होती. तिला ऐकवलं. ती खूश झाली, पेटी पुढे ओढली आणि बरोबर वाजवायला गेली. दोन-तीन वेळा भाता हलवून थांबली. म्हणाली, "अरे, हा पट्टीत बसत नाहीये. काळी एक आणि पांढरी दोनच्या मधेच कुठेतरी गातोय."

आता गंमत बघा. गायक एकटा असता तर तो मधल्या कुठल्याही सुरावर सा धरू शकतो, कोण अडवणार? पण याच्या साथीला पेटी आहे! पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये सूरच नसतो. म्हणजे चूक गायकाची नाही. एक तर त्या पेटीची पट्टी वेगळी, नाही तर माझा ७८ चा आकडा खोटा.

इथून मी या भानगडीत शिरलो.

सुरुवातीपासून बघू. एमिल बर्लिनरचं पहिलं ग्रामोफोन हाताने फिरवायचं होतं. सत्तरच्या आसपास फेरे घ्यावेत अशी अपेक्षा, पण हात शेवटी हातच. मग १८९६ च्या सुमारास न्यू जर्सीतल्या कॅम्डेनचा एल्ड्रिज जॉन्सन हा मेकॅनिक स्प्रिंगची मोटर आणि गव्हर्नर घेऊन आला. चावी द्यायची आणि थाळी साधारण एकसारखी फिरायची. साधारणच, बरं का. चावी संपत आली की गाणं कसं रडायला लागायचं, हे ज्यांनी ऐकलंय त्यांना सांगायला नको.

हे वाजवण्याचं झालं. मुद्रण करताना काय? तिथे मेणाची जाड थाळी फिरवायला बहुतेक वेळा वजनावर चालणारी मोटर असे. जुन्या लंबकाच्या घड्याळासारखं वजन खाली येत राहतं आणि त्यावर थाळी फिरते. हे स्प्रिंगपेक्षा स्थिर चालतं. पण नेमका वेग किती ठेवायचा, याचा जगभर चालणारा नियम नव्हता. कंपनीगणिक वेग वेगळा, कधी एकाच कंपनीत वर्षागणिकही वेगळा. सत्तरीच्या घरातल्या रेकॉर्डी आहेत, कोलंबियाच्या ८० वाल्या आहेत, पाथेच्या ९० च्या आसपासच्या आहेत. सगळ्यांना आज आपण सरसकट 'सेव्हन्टी एट' म्हणतो!

१९०२ हे साल घ्या. एप्रिलमध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग मिलानच्या एका हॉटेलात तरुण कारुसोची दहा गाणी मुद्रित करतो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तोच माणूस कलकत्त्यात हॉटेलच्या खोलीत गौहर जानचं गाणं घेतो. यंत्रणा तशीच, माणूस तोच. पण आज या दोन मुद्रणांचा मूळ वेग शोधायला बसलं की दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

कारुसोचं सोपं आहे. ऑपेराची स्वरलिपी छापलेली असते, पट्टी ठरलेली असते. रेकॉर्ड ७८ वर लावली आणि सूर छापील पट्टीपेक्षा चढा निघाला, की तो जुळेपर्यंत वेग कमी करायचा. गायकांनी सोयीसाठी पट्टी उतरवलेली असू शकते, हे खरं. पण निदान सुरुवात करायला काहीतरी हातात असतं.

आपल्याकडे सा कुठे असतो? गाणारा म्हणेल तिथे! गौहर जानचा सा अमुकच होता असं सांगणारा कागद कुठेही नाही. मग शोधणारे आडवाटेने जातात. साथीला पेटी असेल तर सूर पट्टीवर पडायला हवा, ही एक वाट. दुसरी वाट म्हणजे बोललेले शब्द. त्या काळी गाण्याच्या शेवटी कलावंत स्वतःचं नाव इंग्रजीत सांगत असत. रेकॉर्ड छापायची जर्मनीत हॅनोव्हरला, तिथल्या कामगाराला लेबलावर कोणाचं नाव घालायचं ते कळावं म्हणून. आज तेच वाक्य उपयोगी पडतं, कारण गाण्यापेक्षा बोलण्यात वेगाची गडबड आपल्या कानाला लवकर कळते. माणूस घाईत, चिरक्या आवाजात बोलतोय असं वाटलं की समजायचं, थाळी जास्त जोरात फिरतेय.

पण पेटीच्या वाटेतही एक खड्डा आहे. मी त्यातच पडलो होतो.

हिशेब असा. वेग सुमारे ६ टक्क्यांनी वाढवला की सूर पेटीवरच्या लगतच्या पट्टीवर चढतो. माझी थाळी ७८ वर काळी १ आणि पांढरी २ च्या बरोब्बर मध्ये पडत होती. म्हणजे थोडी सावकाश, ७६ च्या जरा खाली फिरवली तर सा काळी १ वर येतो. आणखी उतरवून ७१.५ केली तर पांढरी १. उलट वाढवून ८० च्या किंचित वर नेली तर पांढरी २. तिन्ही वेग त्या काळात चालणारे! शिवाय त्या साथीच्या पेटीची पट्टी आजच्या पेटीशी जुळत असेलच असं नाही. लयही बदलते, ते वेगळंच. ७८ वर तीन मिनिटांत संपणारं गाणं ७१.५ वर सव्वातीन मिनिटं चालतं. तानांचा तोराच उतरतो.

मग ७८ हा आकडा आला कुठून? विजेतून. अमेरिकेत ६० सायकलची वीज, तिच्यावर मिनिटाला ३६०० फेरे घेणारी मोटर, पुढे ४६ ला १ चा गिअर. भागाकार करा, ७८.२६ येतो. जिथे ५० सायकलची वीज आहे, तिथे वेग तपासायच्या पट्टेदार चकतीवर ७७ पट्टे काढले की ७७.९२ येतो. दोन्हींतला फरक कानाला जाणवण्याजोगा नाही, पण मजा अशी की खुद्द 'प्रमाण' वेगसुद्धा दोन निघाले. आणि हे विजेच्या मोटरी आल्यानंतरचं. त्याआधीच्या हजारो थाळ्यांना या आकड्याशी काही देणंघेणं नव्हतं.

३३⅓ चा जन्मही असाच व्यवहारातून झालाय. १९२६ मध्ये व्हायटाफोनने बोलपटासाठी १६ इंची तबकडी काढली. फिल्मचं एक रीळ ११ मिनिटांच्या आसपास चालायचं, तेवढा आवाज एका बाजूवर मावावा म्हणून वेग कमी केला. पुढे १९४८ मध्ये कोलंबियाने एलपीसाठी तोच वेग उचलला, आणि वर्षभरात आरसीएने ४५ आणला.

एलपीच्या जमान्यात सगळं शिस्तीत आलं म्हणावं, तर माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' आहे. २ मार्च १९५९ ला न्यू यॉर्कमध्ये पहिल्या बाजूचं मुद्रण झालं, तेव्हा टेपचं एक यंत्र किंचित हळू चालत होतं. हळू फिरणाऱ्या टेपवर घेतलेलं नीट वेगात वाजवलं की ते चढं ऐकू येणार. तीनही गाणी तशीच चढी छापली गेली, आणि जॅझचा बहुधा सगळ्यात लाडका अल्बम तीन दशकांहून जास्त काळ जगाने तसाच ऐकला. १९९० च्या दशकात दुसऱ्या यंत्रावरची टेप वापरून ते दुरुस्त झालं. त्या रेकॉर्डबरोबर वाजवत शिकलेल्या कितीजणांनी आपलंच वाद्य उतरलंय समजून पिळलं असेल!

आता डिजिटलकडे येऊ. सीडीत सेकंदाला ४४,१०० नमुने, क्वार्ट्‌झच्या स्फटिकावर मोजलेले. इथे चावी संपत नाही, पट्टा सैल होत नाही. माझ्या टर्नटेबलपेक्षा मोबाइल कितीतरी अचूक आहे, यात शंकाच नाही. पण तो अचूकपणे वाजवतो ते मी त्याला दिलेलं. चुकीच्या वेगात भरलेलं गाणं तो जन्मभर त्याच चुकीच्या वेगात, एका केसाचाही फरक न करता वाजवत राहणार.

जुन्या ग्रामोफोनला वेगाचा स्क्रू असायचा. रेकॉर्डखाली कागदाचा कपटा ठेवून मिनिटाला तो किती वेळा समोरून जातो ते मोजायचं आणि स्क्रू फिरवायचा. वाजवणारा घरच्या पेटीशी सूर जुळवून घेऊ शकत होता. आजीच्या माहेरी तेच करत. म्हणजे रेकॉर्ड छापली तरी शेवटचा शब्द ऐकणाऱ्याचा असायचा. हे मला फार आवडतं, आणि फाइलमध्ये तेच हरवलं. आता सॉफ्टवेअरने नुसती पट्टी उतरवता येते आणि लय तशीच ठेवता येते. त्यामुळे 'दुरुस्त' केलेल्या फाइलींमध्ये पट्टी बरोबर आणि लय चुकीची, असाही प्रकार निघतो. थाळीवर हे शक्यच नव्हतं, तिथे दोघी एकाच दोरीला बांधलेल्या.

(जाता जाता: टीव्हीवर जुने सिनेमे बघताना गाणी चढी वाटली असतील तर कान ठीक आहेत. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा, आपला जुना टीव्ही २५ चा. अडीच तासांचा सिनेमा सहा मिनिटं लवकर संपतो, आणि गाणी जवळजवळ एक पट्टी चढतात.)

वेग लिहून ठेवायचा तर कसा, याचा सगळ्यात पक्का नमुना माझ्या मते केसरबाई केरकरांच्या बाबतीत घडला. गोव्यातल्या केरीच्या केसरबाईंची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याच्या तबकडीत गेली. ती तबकडी मिनिटाला १६⅔ फेऱ्यांची. आता परग्रहावरच्या कुणाला 'मिनिट' काय कळणार? म्हणून तिच्या झाकणावर एका फेरीचा काळ, ३.६ सेकंद, हायड्रोजनच्या अणूतल्या एका बदलाच्या काळाच्या मापात कोरलाय. ते माप म्हणजे सेकंदाचा सुमारे १४२ कोटीवा भाग. सूर्यमालेबाहेरच्या श्रोत्यासाठी एवढी काळजी घेतली! आमच्या ट्रंकेतल्या थाळीवर दोन आकडे छापायला कुणाला सुचलं नाही, किंवा छापले असतील तर ते लेबलाच्या उडालेल्या निम्म्यात गेले.

आजीला मी तिन्ही वेग ऐकवले होते. ७१.५ ऐकून म्हणाली, "हा दमलाय." ८० ला म्हणाली, "ह्याला गाडी गाठायचीये." ७६ ला काहीच बोलली नाही, पेटी घेऊन बरोबर वाजवायला लागली. याला पुरावा म्हणत नाहीत, मला माहीत आहे.

आतेबहिणीला नवी फाइल पाठवली. ती म्हणाली, "दादा, मुलांचं बसलंय आता. आम्ही तानपुऱ्याच्या अ‍ॅपमध्ये सेंट सरकवून सूर जुळवून घेतलाय." तिच्या दोन विद्यार्थिनींनी तो व्हिडिओ टाकलाय. काळी १ आणि पांढरी २ च्या मधला तो सा, जो मुळात कुणीच लावला नव्हता, आता माझ्यामुळे चालू आहे.

थाळीच्या कव्हरवर मी पेन्सिलीने लिहून ठेवलंय: '७६, काळी १, बहुधा.' खाली आजीचं नाव घातलंय. आता तिन्ही वेगांचे तुकडे एकामागोमाग लावतो, जवळ पेटी असेल तर घेऊन बसा.