सोनं सापडलं म्हणजे खाण टिकेलच असं नाही

कर्नाटकातल्या कोलारचं सोनं ज्या खडकात आहे, त्याला भूवैज्ञानिक हरितशिला पट्टा म्हणतात. सुमारे २७० कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा जमिनीखाली दाबला गेला, तापला आणि हिरवट झाला. पुढे भेगांतून गरम पाणी वर चढलं, त्यातलं सोनं गारगोटीच्या शिरांत बसलं.

असं सोनं शोधताना आधी माती-दगडाचे नमुने तपासतात. मग बोअर मारून खालच्या दगडाची कांडी बाहेर काढतात. टनामागे किती ग्रॅम सोनं आणि ते काढायला खर्च किती, यावरच सगळा हिशोब.

कोलारला इंग्रज कंपनीनं १८८० पासून काम चालवलं. १९०२ मध्ये शिवनसमुद्रची वीज आली. खाण ३ किलोमीटरहून खोल गेली, सुमारे ८०० टन सोनं निघालं. पण टनामागचं सोनं घटत गेलं, खर्च वाढला आणि २००१ मध्ये खाण बंद पडली. रायचूर जिल्ह्यातली हट्टीची खाण मात्र चालू आहे.

कोलारला मागं राहिले ते सायनाइड लावून सोनं काढून घेतलेल्या चुऱ्याचे डोंगर. वारा सुटला की ती धूळ वस्तीवर येते. म्हणून कुठंही खाण येणार म्हटलं की गावानं नोकऱ्यांबरोबर हेही विचारावं : खाण संपल्यावर या चुऱ्याचं काय करणार?