बंद पडलेला पंप आणि जालन्याची साखळी

गेल्या पावसाळ्यात छत्रपती संभाजीनगरमधील एका इमारतीच्या तळघरात पाणी साचू लागले. खड्ड्यातील पंपाचे बटन दाबले. मोटार गुरगुरली, पण पाणी हलेना. मिस्त्रीने वीज बंद करून पंप दोरीने वर ओढला. आतल्या पंख्यात चिंधी अडकली होती. ती काढताच पंप सुरू झाला. दुरुस्ती दहा मिनिटांत झाली, कारण पंप सहज वर काढता आला. तसा तो काढता आला नसता तर? या प्रश्नाने आम्हाला याच भागातल्या एका जुन्या पंपाची आठवण करून दिली.

मराठवाड्याची जमीन काळ्या बेसॉल्ट खडकाची. १९६० नंतरच्या दशकात असा कठीण खडक फोडणारी यंत्रे आली आणि गावोगावी विंधनविहिरी होऊ लागल्या. १९७२ च्या दुष्काळात हे काम आणखी वाढले. त्यांवर बसवलेले हातपंप बहुधा बिडाचे असत. त्यांचा मूळ आराखडा युरोप-अमेरिकेतला, एका कुटुंबापुरता. आपल्याकडे मात्र त्याच पंपावर सारे गाव पहाटेपासून रात्रीपर्यंत पाणी भरी. १९७४ च्या सुमारास पाहणी झाली, तेव्हा दर चार पंपांपैकी सुमारे तीन बंद आढळले. म्हणजे जमिनीत पाणी होते, वर पंपही होता, आणि तरी बायकांना घागरी घेऊन दूर जावे लागत होते.

लोक दांडा नीट वापरत नाहीत, असे म्हणून ही गोष्ट सोडून देता आली असती. खरे कारण भूमितीत होते. विहिरीतील दट्ट्याची सळई सरळ वर-खाली जायला हवी. पण दांड्याचे टोक टेकूभोवती वर्तुळाच्या कमानीत फिरते. टोक टेकूपासून २० सें.मी. दूर असेल आणि दांडा आडव्या स्थितीपासून ३० अंश फिरला, तर ते सुमारे २.७ सें.मी. बाजूला सरकते. हा फरक जुन्या पंपांत खिळी आणि सांधे सोसत. ती झिजत, मग सळई तिरकी ओढली जाई आणि शेवटी काहीतरी मोडे.

जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होते. १ मे १९८१ रोजी त्याचा वेगळा जिल्हा झाला. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तिथल्या एका ख्रिस्ती मिशनच्या पाणीप्रकल्पात बिडाऐवजी पोलादाचा, एकाच टेकूचा पंप तयार झाला. सोलापूरच्या कारागिरांनी त्याच वाटेने पुढे जाऊन अधिक टिकाऊ पंप घडवला. या घराण्याच्या पंपांत दांड्याच्या टोकाला वर्तुळाच्या कमानीचा तुकडा असतो. त्यावरून साखळी खाली येते आणि तिला सळई जोडलेली असते. साखळी कमानीवरून सुटते ती स्पर्शिकेच्या दिशेने. दांडा कसाही फिरो, साखळी त्याच उभ्या रेषेत राहते. साखळी ढकलू शकत नाही, फक्त ओढते. म्हणून दट्ट्या खाली जातो तो सळईच्या वजनाने.

मौज अशी की, इंग्लंडमध्ये १७१२ साली न्यूकोमेनने कोळशाच्या खाणीत साचलेले पाणी उपसायला वाफेचे इंजिन उभारले, त्याच्या तुळईच्या टोकांनाही अशाच कमानी आणि साखळ्या होत्या. अडचण तीच असली की उपायही जवळचाच निघतो.

सोलापूरचा पंप पायाभूत धरून भारत सरकार, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी १९७० नंतरच्या दशकात ‘इंडिया मार्क २’ हातपंप तयार करवला. तो देशभर लाखोंच्या संख्येने बसला आणि आफ्रिकेतही गेला.

तरीही एक दुखणे उरलेच. दट्ट्याचा वॉशर झिजला की मार्क २ चे सगळे नळ वर काढावे लागत. त्यासाठी खास अवजारे, गाडी आणि चार-पाच माणसे लागत; ती येईपर्यंत गाव थांबून राही. म्हणून १९८० नंतरच्या दशकात कोइमतूरच्या परिसरातील चाचण्यांतून ‘मार्क ३’ आला. त्याचा नळ रुंद केला, त्यामुळे दट्ट्या नळातूनच वर येतो आणि गावचा माणूसही वॉशर बदलू शकतो. रुंद नळ जड आणि महाग पडतो, हे खरे. पण पंप बिघडल्यावर तो कोण उघडणार, हा प्रश्न इथे कागदावरच्या आराखड्यातच विचारला गेला होता.

वर्गात हे सहज दाखवता येते. पुठ्ठ्याची एक पट्टी टाचणीवर फिरती ठेवा आणि तिच्या टोकाला वजन बांधलेला दोरा लावा. पट्टी वर-खाली करताना दोरा किती सरकतो, ते मागे धरलेल्या आलेख-कागदावर मुलांना मोजू द्या. नंतर पट्टीऐवजी वर्तुळाचा पाव तुकडा घ्या. त्याचा कोपरा टाचणीवर ठेवा आणि दोऱ्याचे टोक कमानीच्या वरच्या कडेला चिकटवून दोरा कमानीवरून सोडा. आता दोरा सरकत नाही. मग मुलांना गावातल्या हातपंपाकडे घेऊन जा. तो बंद असेल, तर तो उघडायला काय काय लागेल, याची यादी त्यांनाच करू द्या.