खऱ्या भागांचं खोटं घड्याळ

५ नोव्हेंबर २०२१ रोजी जिनिव्हात फिलिप्स या लिलावसंस्थेनं एक मनगटी घड्याळ विकलं. ओमेगा कंपनीचं ‘स्पीडमास्टर’, अगदी पहिल्या, म्हणजे १९५७ च्या घडणीचं. अंदाज होता ८० हजार ते १ लाख २० हजार स्विस फ्रँकचा. शुल्कासह शेवटचा आकडा झाला ३१ लाख १५ हजार ५०० फ्रँक, आपले साधारण पंचवीस कोटी रुपये! सोनं नाही, हिरे नाहीत. साधं स्टीलचं, रोज चावी द्यायचं घड्याळ. विकत घेणारी होती खुद्द ओमेगा कंपनी, स्वतःच्या संग्रहालयासाठी. आणि जून २०२३ मध्ये त्याच कंपनीनं जाहीर केलं की हे घड्याळ वेगवेगळ्या ठिकाणचे भाग जमवून बनवलेलं आहे. बहुतेक भाग ओमेगाचेच, अस्सल. पण ते सगळे मिळून एक घड्याळ म्हणून कारखान्यातून कधी बाहेर पडलेच नव्हते. या प्रकरणात आपल्याच काही माजी कर्मचाऱ्यांचा हात होता, असंही कंपनीनं सांगितलं.

आपल्या इमारतीत कितीतरी घरांत आजोबांचं, मामांचं स्विस घड्याळ कपाटात असेल. अशा लिलावाची बातमी मोबाइलवर आली की ते बाहेर निघतं आणि पहिला प्रश्न येतो, “याचे किती येतील?” त्याचं उत्तर शोधायला स्पीडमास्टरचा इतिहास चांगला उपयोगी पडतो.

स्पीडमास्टर हा क्रोनोग्राफ. म्हणजे नेहमीच्या वेळेबरोबर बाजूचं बटण दाबून सेकंद मोजता येणारं, थांबवता येणारं घड्याळ. ते काढलं होतं मोटारशर्यतींसाठी. वेग काढायचे आकडे डायलवर न छापता काचेभोवतीच्या कड्यावर आणले, हे त्याचं वैशिष्ट्य. १ मार्च १९६५ रोजी नासानं कडक चाचण्यांनंतर ते अंतराळवीरांसाठी मंजूर केलं. जुलै १९६९ मध्ये चंद्रावर उतरताना आर्मस्ट्राँगनं आपलं घड्याळ यानातच ठेवलं. चंद्रावर चाललं ते ऑल्ड्रिनच्या हातावरचं. ते पुढे संग्रहालयाकडे पाठवताना वाटेतच गहाळ झालं आणि आजतागायत मिळालेलं नाही. १९७० मध्ये अपोलो-१३ बिघडल्यावर १४ सेकंदांचं इंजिन-ज्वलन मोजलं ते स्पीडमास्टरवरच. एवढा इतिहास पाठीशी असल्यावर भाव चढणारच.

पण चंद्राची गोष्ट सगळ्याच स्पीडमास्टरना लागू, भाव मात्र एकाचा लाख तर दुसऱ्याचा कोटी. फरक बारीकसारीक गोष्टींत असतो. १९५७ च्या घड्याळाचं कडं स्टीलचं असून आकडे त्यातच कोरलेले होते. काळं कडं नंतर आलं. पुढे १९७० च्या सुमारापर्यंत काळ्या कड्यावर ९० या आकड्याचा ठिपका आकड्याच्या डोक्यावर असे, नंतर तो बाजूला गेला. या एका ठिपक्यासाठी लोक नुसत्या कड्याला भरपूर पैसे मोजतात! आतलं यंत्र १९६८ पर्यंत ३२१ क्रमांकाचं, नंतर ८६१. यंत्रावर कोरलेल्या अनुक्रमांकावरून साल निघतं. काट्यांवर आधी रेडियमचा रंग असे, १९६० नंतर ट्रिटियमचा. इतक्या वर्षांनी दोन्ही जवळजवळ विझलेले असतात. तेव्हा ‘१९५७’ चे काटे अंधारात दिव्यासारखे उजळले, तर रंग नव्यानं भरलाय असं खुशाल समजावं.

सगळ्यात जास्त किंमत डायलची. काही काळ्या डायलचा रंग वर्षानुवर्षांत उतरून चॉकलेटी होतो. घड्याळजीच्या हिशेबात हा दोषच, आणि पूर्वी अशी डायल बदलून टाकत. आज संग्राहक त्याला ‘ट्रॉपिकल’ म्हणतात आणि दुप्पट-तिप्पट भाव देतात. जिनिव्हाचं घड्याळही असंच चॉकलेटी होतं. बाजाराची ही आवड मला थोडी गंमतशीर वाटते. एकदा डागाला भाव आला की डाग तयार करणारेही येतात.

इथे आपल्या मुंबईचा संबंध येतो, आणि तो फारसा भूषणावह मानला जात नाही. जगभरचे घड्याळवेडे नव्यानं रंगवलेल्या, जोडजोडीच्या घड्याळाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. या नावात थोडा अन्याय आहे असं माझं मत. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं होती, स्विस भाग मिळेनात. एचएमटीचा घड्याळांचा कारखाना बेंगळुरूला १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्यानं सुरू झाला, पण हाताशी असलेली स्विस घड्याळं चालू ठेवणं भागच होतं. मग एकाचा काटा दुसऱ्याला, एकाचं चक्र तिसऱ्याला. डायल डागाळली की रंगारी ती पुन्हा रंगवून देई, कारण गिऱ्हाइकालाच लखलखीत घड्याळ हवं असे. ती होती दुरुस्ती. तेच घड्याळ पुढे कुणी ‘ओरिजिनल’ म्हणून परदेशी विकलं, फसवणूक झाली ती तेव्हा.

म्हणून कपाटातलं घड्याळ बाहेर काढलंत तर आधी काही करू नका, निदान पॉलिश तरी नकोच. पॉलिशनं केसच्या धारदार कडा गोल होतात आणि त्या परत येत नाहीत. चरे राहू द्या. जाणकार घड्याळजीकडून मागचं झाकण उघडून अनुक्रमांक बघा आणि डायल, काटे, यंत्र, केस एकाच काळाचे आहेत का ते ताडून पाहा. तेलपाणी करायला हरकत नाही, पण बदललेला प्रत्येक जुना भाग मागून घ्या आणि पुडीत बांधून घड्याळाबरोबरच ठेवा. खरेदीची पावती, मूळ डबी, ते हातात असलेला लग्नातला फोटो, हेही जपा. कंपनीकडून मिळणाऱ्या जुन्या नोंदीच्या उताऱ्यानं अमुक क्रमांकाचं यंत्र अमुक साली बाहेर पडलं एवढं कळतं. त्याभोवतीची डायल आणि काटे तेच आहेत, हे त्या कागदावरून सिद्ध होत नाही.